वेशीतला तिसरा खडा

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. राहायला भिसेगावात, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आता काय म्हणावं, कळत नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझा मित्र नितीन पेठच्या किल्ल्यावर गेलो होतो. आंबिवलीहून चढण, मग किल्ल्याच्या सुळक्याखाली पेठ गाव. गावाच्या पडक्या वेशीत एक कोनाडा आहे. वर जाणाऱ्याने त्यात एक खडा ठेवायचा, उतरताना काढायचा. किल्ला सारखा या हातातून त्या हातात जायचा, तेव्हा वर कुणी राहिलंय का हे पहारेकऱ्याला त्यावरून कळायचं म्हणे. वेशीजवळ सरबत विकणाऱ्या सखूमावशीने आम्हालाही खडे ठेवायला लावले. त्याआधी कोनाडा रिकामा होता.

मी वही काढली. "मावशी, तेव्हा किल्ला कुणाचा होता? मराठ्यांचा की मुघलांचा?"

"कुनाचा बी असू दे रं. खडं मोजनारा गावचाच."

दुपारी उतरलो, तर कोनाड्यात तीन खडे! मावशी जागची हलली नव्हती. आमच्याशिवाय कुणी आलंही नव्हतं म्हणाली. आमचे दोन काढून मी हसत तिसरा खडा फेकायला उचलला...

"ठेव तो! मानूस हाय वर."

"मावशी, एसटी चुकेल —"

"एवडा शिकलास ना? मग बगून ये."

नाइलाजाने परत चढलो. नितीन मला शिव्या घालत मागे. सुळक्याच्या पलीकडे, घाटाच्या अंगाला, एक म्हातारा पाय मोडून पडला होता. ओठ सुकलेले, शब्द फुटत नव्हता. छातीशी नाचणीच्या पिठाची पिशवी. हाका मारून माणसं जमवली. त्यांच्यामागून वर आलेल्या मावशीने त्याला लगेच ओळखलं... तिच्या सुनेचा बाप! लेकीला भेटायला निघालेला. गावाने डोली करून त्याला खाली नेलं. वेशीत थांबून तिसरा खडा मावशीने स्वतः काढला.

तो वेशीतून आला असेल, तेव्हा मावशीला डुलकी लागली असेल — मी मनाची समजूत घातली. प्रोजेक्टमध्येही तसंच लिहिलं.

परवा मावशीचा फोन आला.

"पावना चालाया लागला रं. पन म्हनतो, मी घाटावरनं मागच्या वाटंनं उतरलो, आदल्या सांजंलाच पडलो. येशीवर आलोच नाय."

"मग खडा ठेवला कुणी?"

मावशी हसली. "तूच सांग. वही तुज्याकडं हाय."