फेझच्या वाटीत काय भरू, विमल?

विमलने मोरोक्कोतून एक वाटी पळवून आणली होती.
त्या चोरीत मीही होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून कबूल करते.

विमल म्हणजे नांदेडच्या सरकारी क्वार्टर्समधली माझी शेजारीण. मूळची हदगावची, पेशाने नर्स. पस्तीस वर्षं मला "कॉन्व्हेंट" म्हणून हाक मारणारी एकमेव व्यक्ती.
मी नन्सच्या शाळेत शिकले, एवढाच माझा गुन्हा.

तिची लेक स्नेहल नोकरीसाठी कॅसाब्लांकाला गेली आणि तिने आम्हा दोघींना बोलावून घेतलं. फेझच्या जुन्या शहरात आमचं पाच दिवसांचं बुकिंग केलं. ती स्वतः शेवटच्या दिवशी न्यायला येणार होती.

हॉटेल नव्हतं ते. रियाद म्हणतात. समोरून गाढव आलं तर भिंतीला चिकटावं लागेल एवढी गल्ली, कोरी भिंत, बुटकं दार.
"लेकीनं गोडाऊनमध्ये ठेवलंय गं आपल्याला," विमल म्हणाली.

दार उघडलं.
आत निळ्या-हिरव्या फरश्यांचा चौक, मधे कारंजं, दोन संत्र्याची झाडं, वर चौकोनी आकाश. खोल्या मोजून पाच.

मालकीणबाई नजात, आमच्याच वयाच्या. अरबी आणि फ्रेंच बोलायच्या, इंग्रजी नाही.
"घे. वाया गेलं तुझं कॉन्व्हेंट," विमल म्हणाली.

विमलचं मात्र कुठेच अडलं नाही. ती दवाखान्यात पेशंटशी बोलायची तसली उर्दू ठोकून द्यायची. चारांतला एक शब्द लागायचा, बाकीचं हातांनी.

पहिल्या संध्याकाळी नजातबाई स्वतः निळ्या नक्षीची मोठी वाटी घेऊन आल्या. टोमॅटो-हरभऱ्याचं दाट, गरम सूप.
सूप पिऊन मी वाटी धुतली आणि द्यायला निघाले. विमलने हात धरला.

"रिकामी देतीस?"
"अगं, गेस्टहाउस आहे हे. शेजार नाही."
"तिनं तिच्या हातानं आणून दिलं ना? मग शेजारच हाय."

आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर घालतात.
विमलने त्यात शेंगदाण्याची चटणी भरली.

सकाळी तीच वाटी ऑलिव्ह घेऊन आली.
आमच्याकडून चिवडा गेला. तिकडून खजूर आला. आमच्याकडून शंकरपाळे गेले.

तिसऱ्या दिवशी बॅग रिकामी झाली. मग विमल सरळ नजातबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली, त्यांच्याच रव्याचा शिरा केला आणि वाटी भरून त्यांनाच दिला.
हसता हसता नजातबाई पायरीवर बसल्या.

त्यांच्यातही रिकामं भांडं परत देत नाहीत, हे आम्हाला नंतर स्नेहलने सांगितलं. म्हणजे आधी थांबायचं कोणी, हाच प्रश्न होता.

चौथ्या संध्याकाळी गच्चीवर पुदिन्याचा चहा घेत बसलो होतो. खाली सगळ्या गावाच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, डिश अँटेना.
मी विचारलं, "तुझी पहिली वाटी आठवते का गं?"

मी नवी नवरी होते. बुद्धपौर्णिमेला विमलने खीर पाठवली. तिचं घर बौद्ध, म्हणून आमच्या सासूबाईंनी ती कोणाला खाऊ दिली नाही. वाटी रिकामी परत गेली.
नेऊन दिली होती मीच.

"हाव," ती म्हणाली. "स्टीलची होती. लई घासली होतीस. नुसती चमकत होती."



"मग पुन्हा का पाठवलीस?"
"तू मान वर केली न्हाईस. म्हटलं, हिला लाज हाय. हिचं काहीतरी होईल."

आणि लगेच, "चहा पी, कॉन्व्हेंट. गार होऊन राहिला."

निघायच्या दिवशी नजातबाईंनी वाटेसाठी बदामाची बिस्किटं दिली. अर्थात त्याच वाटीत.
गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. स्नेहल हाका मारतेय. आमच्याकडे वाटीत घालायला दाणासुद्धा नाही.
विमलने इकडेतिकडे बघितलं आणि बिस्किटांसकट वाटी साडीत गुंडाळून बॅगेत घातली.

"विमल, अगं..."
"मग काय, रिकामी देऊ?"

नांदेडला बॅग उघडल्यावर म्हणाली, "चोर झालो गं आपण."
स्नेहलने फोन करून नजातबाईंना सांगितलं. त्यांचा निरोप आला: राहू द्या वाटी, म्हणजे परत द्यायला तरी याल.

जायचं ठरत होतं. मग विमलचं दुखणं निघालं.

शेवटच्या दिवसांत मला म्हणाली, "वाटी तेवढी पोचव. कुरिअरनं न्हाई. कुरिअरनं भरलेली वाटी जाती का कुठं?"

ती गेल्यावर स्नेहल वाटी घेऊन माझ्याकडे आली. वाटीत साखर होती.
तिच्या आईचीच लेक.

तर विमल, पुढच्या महिन्यात मी निघतेय. तुझ्याशिवायचा माझा पहिलाच परदेश. इमिग्रेशनच्या रांगेत मला कोण हसणार, माहीत नाही.

वाटीत काय भरायचं, यावर वर्षभर विचार केला. चटणी नको, लाडू नकोत.
नजातबाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहून तुझी खीर करीन. स्नेहलने कृती लिहून दिली आहे.

आधी मी खाईन. पोटभर.
मग वाटी भरून त्यांच्या हातात देईन, मान वर करून.

जय भीम, विमल.
तुझी कॉन्व्हेंट