पाचवं पोतं

बारावीला रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सरांनी मला विचारलं, "फॉस्फरस पाच क्लोरीन धरतो. नायट्रोजन त्याच्याच गटातला. तो किती धरील?"

दोघांच्याही बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. एका गटातली मूलद्रव्यं सारखी वागतात, हे सरांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. मी ठणकावून "पाच" म्हणालो.

सर खदखदून हसले. ते आमच्याच भावकीतले, गावात बांधाला बांध. "भावकीतला असला म्हणून कुणी माझ्याएवढा होतो का रे? नायट्रोजन तीनावरच थांबतो. तुझ्यासारखा."

का थांबतो, ते सांगितलं नाही. दाराबाहेरच्या पोरांनी ऐकलं आणि माझं नाव 'तीन्या' पडलं. मी नापास झालो, कॉलेज सुटलं.

कारण मी जुन्या पुस्तकातून स्वतः शोधलं. नायट्रोजनचा अणू लहान, बाहेरच्या कवचात जागा चारच, भोवती पाच क्लोरीन मावत नाहीत. फॉस्फरस मोठा, त्याच्याभोवती पाच जण बसतात. दोन वाक्यांचं काम होतं.

पुढे अंबडला मी खताचं दुकान टाकलं. एका वर्षी युरियाचा तुटवडा झाला. रांगेत सर उभे. त्यांची कपाशी पिवळी पडत होती.

"भावकीतला माणूस तू. पाच पोते दे जल्दी."

"युरिया म्हणजे नायट्रोजन, सर. तो धरील तेवढीच पोती. तीनाच्या वर जात न्हाई. का जात न्हाई, सांगा. मंग बघू."

सर पैसे मोजायला लागले. मी रांगेला ऐकू जाईल असं कारण सांगितलं आणि तीन पोती पुढे ढकलली.

सर हलले नाहीत. माझ्यामागच्या रिकाम्या पोत्यांच्या थप्पीकडे बोट करून म्हणाले, "त्या पोत्यावरचं वाच."

"अमोनियम सल्फेट."

"अमोनियममधल्या नायट्रोजननं हायड्रोजन किती धरले?"

मी पावतीपुस्तक चाळायला लागलो. रांगेतला एक म्हातारा ओरडला, "बोला की मालक, तोंडाला कुलूप लागलं का?"

"चार."

"मंग चौथं टाक."

टाकलं. भर दुकानात ठरलेला सौदा मी मोडत नाही. पाचव्यासाठी सरांनी पुढे तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, "जागा चारच हाय, सर."

त्यांच्या कपाशीचा एक पट्टा पिवळाच राहिला. त्या हंगामात मी दुकानाला मुद्दाम त्यांच्या बांधावरून जात होतो.