रेन्स्केचा बोका आणि मानेवरचे थेंब

रेन्स्के बांगमाने सगळी नोकरी गावच्या उचलपुलावर काढली. तिने लाल दिवा लावला की वाळूच्या बोटी कालव्यात मुकाट थांबायच्या. घरात मात्र तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. एक बूफ नावाचा धिप्पाड बोका, आणि दुसरा बायको गेल्यापासून तिच्याकडे मुक्काम ठोकून बसलेला धाकटा भाऊ हिल्के.

उन्हाळा सरता सरता बूफ खाजवून खाजवून बेजार झाला. रेन्स्केच्या घोट्यांवरही लाल गांधी उठल्या. पिसवा! हिल्केने लगेच आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या औषधाची उरलेली नळी शोधून आणली.

"अर्धीच घालू. बोका म्हणजे छोटा कुत्राच की."

"अरे, खोक्यावर मांजराच्या चित्रावर फुली मारलीय. डोळे आहेत ना तुला?"

"ते असंच छापतात गं."

तिने नळी हिसकावली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मुळीच लावू नका!" त्या म्हणाल्या. "कुत्र्यांच्या काही औषधांनी मांजराला झटके येतात, जीवही जातो. बोक्याचं वजन सांगा, मी त्याचं औषध देते."

बोका वजनकाट्यावर बसतोय कुठला! शेवटी त्याला कडेवर घेऊन तीच चढली, मग एकटी चढली आणि वजाबाकी केली. तिचा आकडा हिल्केने खिडकी उघडी असताना मोठ्याने वाचला.

औषध आल्यावर तिने हिल्केला बोका धरायला सांगितलं. ती मानेवरचे केस बाजूला सारत होती, तेवढ्यात हिल्केला शिंक आली, हात सुटला आणि थेंब पाठीवर सांडले. बूफने वळून ते चाटले. तोंडाला फेस आला. रेन्स्केने पुन्हा डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"कडू लागतं, म्हणून लाळ गळते," फोनवर बाईंनी धीर दिला. "पाणी ठेवा, लक्ष ठेवा. कापरं भरलं किंवा लाळ थांबली नाही, तर लगेच घेऊन या. आणि आज पुन्हा औषध घालू नका."

ती स्वयंपाकघरात फरशीवरच बसून राहिली. हिल्के दारात चुळबुळत म्हणाला, "शिंक काय सांगून येते?"

"तू बोलू नकोस. एक शब्द नको."

थोड्या वेळाने फेस थांबला. बूफ उठला आणि त्याने हेरिंग माशाचा तुकडा मागितला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिने हिल्केला यथेच्छ शिव्या घातल्या.

पुढच्या महिन्यात तिने हिल्केला आधी बाहेर काढलं. बूफ खाण्यात गुंग असताना तिने डोक्यामागे, जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला केले आणि थेंब थेट कातडीवर सोडले. बोक्याला पत्ताही लागला नाही. तोच हिल्के आत आला.

"झालं? शहाणा रे माझा..." म्हणत त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस! वाळू दे ते! आणि गालिचात पिसवांची अंडी असतील, व्हॅक्यूम क्लीनर घे आणि लाग कामाला."

हिल्के कुरकुरत सोफ्याखाली शिरला. थंडी पडेपर्यंत तिच्या घोट्यांवरच्या गांधी गेल्या. हिल्केची कुरकुर मात्र चालूच होती.