टाकीतलं शिळं पाणी

आधी माझ्या भावजयीबद्दल सांगते. परदेशातल्या वाळवंटात तिने माझी लाज राखली, आणि आज आई माझ्या मिल्टन कीन्सच्या घरात वरच्या खोलीत झोपली आहे ती तिच्यामुळे. घडलं ते त्यानंतर.

ती माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. जन्म ब्रिस्टलचा, आईवडील तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. माझ्या धाकट्या भावाशी लग्न करून ती अमेरिकेत, ॲरिझोनाला गेली. मी नववीतून शाळा सोडलेली. नवरा शेफ म्हणून इकडे इंग्लंडला आला, त्याच्यामागून मी आले, आणि आता एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. लग्नातले दोन दिवस सोडले तर भावजयीशी माझं बोलणंच झालं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटायची.

आई चार महिने भावाकडे होती. मला तिला माझ्याकडे आणायचं होतं, गणपतीला ती गावी परतेपर्यंत. व्हिसा झाला होता, खोली रंगवून झाली होती. पण भाऊ हो म्हणत नव्हता. आईला रोज दोनदा इन्सुलिन लागतं.

"ताई, तू घाबरतेस," तो फोनवर म्हणाला. "कधी शुगर खाली गेली तर काय करशील? इंग्रजीत बोलशील डॉक्टरशी? आधी इकडे ये. आपण फिरू चार दिवस, तू बघ तिचं सगळं कसं असतं ते. मग ठरवू."

म्हणजे परीक्षाच. मेच्या हाफ-टर्मला, शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, मी एकटी विमानात बसले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

त्याने आरव्ही भाड्याने घेतली होती. आमच्या इंग्लंडात मोटरहोम म्हणतात तीच, पण आकाराने बसएवढी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, सगळं. आई खिडकीशी बसली आणि आम्ही चौघं उत्तरेला निघालो.

मिल्टन कीन्समध्ये दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचा गोल चौक, येतं. ॲरिझोनात तास तास भावाचं स्टिअरिंग हललं नाही. रस्ता सरळ आकाशात शिरत होता. दोन्ही बाजूंना लाल माती, आणि त्या मातीतून एकेक खडक असा उभा, की कुणी भिंत बांधायला घेतली आणि काम सोडून निघून गेलं. झाड नाही, घर नाही, तारेवर पक्षी नाही. मी बोलायचीच थांबले. मला नेहमी वाटतं, जगाला आपला अडथळा होतो, बाजूला सरकून उभं राहावं. तिथे सरकायचं कुठे? जागाच एवढी होती की माझं असणं नसणं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. आणि त्याने, कसं सांगू, छातीवरचं ओझं उतरलं.

"काय गं, बोलत का नाहीस?" आईने विचारलं.

"बघतेय."

"बघ बघ. इथे देवानं पसारा काढला आणि आवरायचा राहिला."

पहिल्या दोन रात्री कॅम्पसाइटवर होतो, तिथे नळ होता. भाऊ निळा पाइप लावून टाकी भरायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका उघड्या माळावर पोचलो. अंधारून आलेलं. दूरवर एक लोखंडी खांब दिसला, कमरेएवढा. मी मनात म्हटलं, नळ तिकडे आहे.

आता माझी खोड सांगायला हवी. आमच्या घरी काल भरलेलं पाणी आज प्यायचं नाही. सकाळी उठलं की हंडा-कळशी रिकामी करायची, शिळं पाणी झाडांना, आणि मग ताजं भरायचं. आईने लावलेली सवय. गावाला बारमाही नदी, त्यामुळे कधी विचार करायची वेळ आली नाही. मिल्टन कीन्सला चोवीस तास नळ असूनही मी रोज जग ओतून भरते. नवरा हसतो.

घड्याळ अजून इंग्लंडचंच चालत होतं, त्यामुळे मी पहाटे टक्क जागी. ग्लासभर पाणी घेतलं. कोमट, प्लॅस्टिकचा वास येणारं. कालचं पाणी, आणि हेच आई पिणार? भाऊ सारखा म्हणत होता, उन्हात आईला भरपूर पाणी द्यायचं. मला वाटलं, तो उठायच्या आत टाकी ताजी करून ठेवावी. बघेल, ताईला कळतं.

आरव्ही घेताना तिथल्या माणसाने चाकामागची एक मूठ दाखवली होती: ही ओढली की टाकी रिकामी. मी ओढली.

पाणी धबाधबा आलं. चिखलसुद्धा झाला नाही. माती नुसती पीत गेली. मग मी पाइपचं वेटोळं खांद्यावर टाकून खांबाकडे गेले. तो नळ नव्हता. पार्किंगचे पैसे टाकायची पेटी होती, वर एक फट. आजूबाजूला शोधलं. कुठेच काही नाही.

आणि तेव्हाच उजाडलं. पुढे वीस पावलांवर जमीन संपत होती. मी कडेपर्यंत गेले. खाली, फार खाली, एक नदी होती. वळसा घेऊन परत आपल्याच शेजारी यायची, पुन्हा वळायची, जणू तिला जायचंच नव्हतं. सूर्य वरच्या थराला लागला होता आणि एकेक पायरी खाली उतरत होता. पाणी अजून सावलीत. एवढं पाणी डोळ्यासमोर, आणि त्यातलं भांडंभर वर आणायची सोय नाही. ते इतकं सुंदर होतं की भीती वाटत असूनही नजर हटेना.

"ताई?"

मागे भावजय उभी होती, अंगावर शाल. मी पळत जाऊन मूठ बंद केली, आणि रडत रडत तिला सगळं सांगितलं. शिळं पाणी, खांब, खोली, रंग, सगळं.

ती आत गेली, टाकीचा काटा बघून आली आणि तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली,

"थोडीशी आहे पाणी. माझ्याकडे बाटल्या आहेत, आईंना पुरेल. तुम्ही रडू नका ना."

"तो आता आईला पाठवायचा नाही गं."

ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी सांगते माझा चूक झाला."

"अगं नको."

"ताई, मी त्याची बायको आहे. मला काय करणार तो?"

भाऊ उठला, नळ सोडला, नळ खाकरला. ती सरळ बोलली, पाइप ठेवताना मूठ ओढली गेली. तो चिडला. इथे दोन रात्री राहायचं होतं, आता दुपारीच निघावं लागणार. "आज पाणी, उद्या पेट्रोल ओत!" म्हणत गाडीखाली शिरला, अजून गळतंय का बघायला.

आईने ऐकलं आणि म्हणाली, "ब्रिस्टलला धो धो नळ. यांना कशी कळणार पाण्याची किंमत! आमच्या लेकी बघा, थेंब सांडायच्या नाहीत."

मी तिथेच उभी होते. भावजय हसली, कपाळावरचे केस मागे सारले. "हो आई," एवढंच म्हणाली.

मग तिने इन्सुलिनचं पेन माझ्या हातात दिलं आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. "आज तुम्ही. मी फक्त बघणार." मी आईच्या बोटाला सुई टोचली, मशिनवर आकडा वाचला, वहीतल्याशी ताडला, पेनवर तेवढा डोस फिरवला. मग इंजेक्शन दिलं. भाऊ गाडीखालून बाहेर येऊन दारात कधी उभा राहिला, कळलं नाही.

नाश्ता झाल्यावर आम्ही आईला खुर्चीत बसवून कडेपाशी नेलं. ऊन आता थेट नदीपर्यंत पोचलं होतं. आईने वाकून खाली पाहिलं. मग दोन्ही हात जोडले, आणि कुणासाठी ते विचारायची माझी छाती झाली नाही.

दुपारी, पहिल्या गावात पेट्रोल पंपावर पाण्याची टाकी भरताना भाऊ म्हणाला, "ने ताई तिला. गणपतीपर्यंत ने." मग बायकोकडे मान करून, "हिच्यापेक्षा तूच सावध आहेस." ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. आई जाईल हातची, ही भीती माझ्या तोंडावर बसली होती.

आईला येऊन पाच आठवडे झाले. शुगर ठीक आहे. एकदा खाली गेली, तेव्हा मी साखरपाणी दिलं, १११ ला, इथल्या आरोग्यसेवेच्या नंबरला, फोन करून माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलले, त्यांना कळलं. आई मात्र शेजारणींना अजून सांगते, आमच्या सुनेनं वाळवंटात टाकी ओतली. सगळ्या हसतात. मी चहा गाळत बसते.

ऑगस्टअखेर भाऊ आणि ती आईला न्यायला येणार आहेत. त्या दिवशी सगळे जेवायला बसले की मी आईसमोर आणि भावासमोर माझ्या तोंडाने सांगणार आहे, मूठ मी ओढली होती. भाऊ चिडेल, चिडू दे. तेवढ्याने फिटायचं नाही, हे मला माहीत आहे. भावजयी, तुझ्यावर कधी अशी वेळ आली तर मी पुढे होईन आणि म्हणेन, माझी चूक. शब्द देते.