मी सही केली नाही

शाळेतून फोन आला की मी अजूनही उठून उभी राहते. मी माणगावजवळच्या शाळेत शिकले. बाई वर्गात आल्या की उभं राहायचं आणि त्या बोट दाखवतील तिथे घरच्यांनी सही करायची, एवढंच आम्हाला ठाऊक. माझे वडील अंगठा लावायचे. कागदावर काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. घरातली पहिली पदवी माझी आणि त्या शाळेचे उपकार मी आजही मानते. म्हणूनच इथे बहरीनमध्ये मुलीच्या शाळेत सुपरवायझर मॅडमसमोर बसले, तेव्हा पहिली पाच मिनिटं मी नुसती मान हलवत होते.

मुलगी दहावीत. ती बाहेर बाकावर बसली होती. मॅडम पुण्याच्या, त्यामुळे मराठीतच बोलत होत्या. शेजारी शाळेची तरुण काउन्सेलर खाली बघत बसलेली.

"नवीन नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलं काउन्सेलिंगमध्ये असं काही बोलली की आम्ही पालकांना कळवतो. वाचा आणि खाली सही करा. मग मिस्टरांनाही बोलावू."

कागदावर पहिलीच ओळ मुलीच्या तोंडची होती: मला मुलगे नाही, मुली आवडतात. दुसरी ओळ: प्लीज घरी सांगू नका, मी स्वतः आईला सांगणार आहे.

खाली अजून अर्धं पान होतं. मी कागद पालथा घातला.

"वाचलं?"

"दोन ओळी. पुढचं नाही वाचणार. सांगू नका म्हटलंय तिने."

"अहो, तुम्ही आई आहात. तुम्हाला कळायला नको?"

"हवं ना. तिच्याकडून."

मॅडम हसल्या. "तुम्ही ग्रॅज्युएट, मला वाटलं समजून घ्याल. उद्या काही झालं तर हेच पालक येऊन आम्हाला विचारतात, शाळेने का नाही सांगितलं."

मला गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी आठवली. कसल्याशा चिठ्ठीवरून शाळेने वडिलांना बोलावलं आणि आठवड्याभरात तिला काकाकडे गावी पाठवून दिलं. जायचं तिकीट काढलं, यायचं नाही. परीक्षासुद्धा देऊ दिली नाही. इथल्या आपल्या घरांत ही शिक्षा सगळ्या मुलांना माहीत असते. माझा नवरा वाईट माणूस नाही. पण त्याचा मोठा भाऊ गावी आहे आणि तिकीट काय, फोनवर निघतं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मग मला मिस्टरांना फोन करावा लागेल." त्यांनी फाइल उघडून नंबर काढला आणि रिसीव्हर उचलला.

मी पालथा कागद त्यांच्याकडे सरकवला. आणि म्हटलं, "करा. त्याआधी लेटरहेडवर लिहून द्या, की मुलीने विश्वासाने सांगितलं, घरी सांगू नका म्हणाली, तरी शाळेने सांगितलं. खाली तुमची सही आणि शिक्का."

"असं लेखी आम्ही देत नसतो."

"मग माझ्याकडूनही लेखी मिळणार नाही."

काउन्सेलरने पहिल्यांदाच वर पाहिलं. मॅडमनी रिसीव्हर खाली ठेवला. प्रिन्सिपलशी बोलून कळवते, म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.

बाहेर मुलगी उठून उभी राहिली. "व्हॉट डिड शी से, मम्मा?"

खोटं बोलायचं नाही असं मी दारातच ठरवलं होतं. "तू सांगितलेलं त्यांनी मला दाखवलं. दोन ओळींवर नजर गेली. पुढचं वाचलं नाही."

तिने दप्तर खांद्याला लावलं. "यू आर अँग्री?"

"हो. त्यांच्यावर."

"पप्पा?"

"पप्पांना शाळेने फोन केलेला नाही. मीही सांगणार नाही."

संध्याकाळी नवरा सीफ भागातली ड्युटी संपवून आला आणि शाळेत कशाला बोलावलं होतं, म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, ते तिचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. तो चिडला. बाप आहे मी, म्हणाला. मी पोळ्या लाटत राहिले. त्यानंतर त्याने दोनदा विचारून पाहिलंय, आणि दोन्ही वेळा त्याला हेच उत्तर मिळालंय.