सातरावांची जीभ

सातरावांना सातराव म्हणत, कारण ते सगळ्याला सात मार्क देत.

सुपाची पाकिटं बनवणाऱ्या कारखान्यात ते चव बघायच्या खोलीत कामाला होते. खोलीत सहा कप्पे, मध्ये लाकडी आडोसे, समोर हात जाईल एवढी खिडकी आणि डोक्यावर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी की रंग पाहून कुणी फसू नये. खिडकीतून छोटा पेला आत यायचा. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, बाजूच्या बेसिनमध्ये थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि कागदावर दहापैकी आकडा लिहायचा. खोलीचे नियम दोनच. गिळायचं नाही आणि बोलायचं नाही. एकाने नुसतं 'हं' केलं तरी बाकीच्या पाचजणांना तीच चव लागायला लागते, असा तिथला अनुभव होता.

बावीस वर्षं रोज हे नियम पाळणारा माणूस ते घरीही नेतो. सातराव जेवायला बसले की पहिला चमचा तोंडात घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत, मग पाण्याचा घोट, मग दुसरा चमचा. घरी गिळत असत एवढाच काय तो फरक. डाळ करपली तरी ती भिंत आणि साधली तरी तीच भिंत. लग्नानंतर वर्षभर त्यांची बायको समोर बसून तोंडाकडे बघत राहायची. मग तिने नाद सोडला. ती एका दुकानात कपडे अल्टर करून द्यायची, तिथल्या बायकांना सांगायची, "आमच्याकडे जेवण होतं, निकाल लागत नाही." सातरावांना कुणी विचारलंच तर ते म्हणत, ऑफिसचं काम घरी आणायचं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांना ताप आला. चार दिवसांनी तो गेला आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी ते फार आत्मविश्वासाने सांगितलं.

सातराव कामावर रुजू झाले. पहिला पेला आला. टोमॅटो होता की मटार, देव जाणे. तोंडात काहीतरी गरम आणि दाट होतं, एवढंच कळलं. त्यांनी ते थुंकलं, चूळ भरली आणि सात लिहिले.

अठरा दिवस ते सात लिहीत होते आणि कुणाला पत्ता लागला नाही. कागद पाहिले तर आधीच्या बावीस वर्षांतले सात आणि हे सात यांत काही फरक नव्हता. सातरावांच्या लेखी मात्र होता. आधीचे सात ते विचार करून देत. जगात आठ मिळण्याजोगं सूप फार थोडं आणि सहा देण्याइतकं वाईट तेही फार थोडं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. हे सात चोरीचे होते. पेला परत सरकवताना त्यांना खिडकीपलीकडच्या पेले देणाऱ्या बाईकडे बघवत नसे.

घरी लपवणं तर आणखी सोपं होतं. जो माणूस जेवणाबद्दल कधीच काही बोलत नाही त्याची चव गेलीय हे कळणार कसं? पण सातरावांच्या मनाला टोचणी लागली होती आणि टोचणी लागलेला माणूस गप्प बसत नाही. एका संध्याकाळी डाळीचा पहिला चमचा तोंडात घालून ते म्हणाले, "छान झालीय."

बायकोने चमचा खाली ठेवला. त्या दिवशी ती मीठ घालायला विसरली होती आणि ते तिला नुकतंच कळलं होतं.

"काय होतंय तुम्हाला?" तिने विचारलं.

मग सातरावांनी सगळं सांगितलं. अठरा दिवसांचंही सांगितलं आणि सोमवारी तिमाही चाचणी आहे हेही. चाचणीत तीन पेले देतात, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा, असं सहा वेळा. तिथे सात लिहून चालत नाही. "मला दुसरं काही येत नाही गं," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. बायकोने त्यांना पाणी दिलं. आधी का नाही सांगितलं, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं.

सोमवारी सातरावांनी सहाच्या सहा ओळींत 'कळत नाही' असं लिहिलं. खोलीच्या प्रमुख मॅडमनी कागद वाचला. नुसता अंदाज केला असता तरी दोन बरोबर आले असते, असं त्या म्हणाल्या. सातराव म्हणाले, अठरा दिवस अंदाजच करत होतो. मॅडमनी महिन्याची मुदत दिली. तोवर पॅकिंगमध्ये उभं राहायचं आणि महिन्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा चाचणी. जमलं तर कप्पा त्यांचा, नाही तर पॅकिंग कायमचं.

पॅकिंगचं काम वाईट नव्हतं. पाकिटं बारा-बारा करून खोक्यात भरायची. डोक्यावर जाळीची टोपी घालावी लागे, तीत सातराव लग्नसमारंभातल्या आचाऱ्यासारखे दिसत. पाकिटाच्या मागे बावीस जिनसांची यादी छापलेली होती, ती त्यांनी पहिल्यांदाच वाचली. त्यातल्या नऊ जिनसा त्यांना जिभेवर ओळखता येत असत, पण उच्चारता येत नव्हत्या.

पॅकिंग चारला सुटे. बायको यायला साडेसहा व्हायचे. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून तिसऱ्या दिवशी सातरावांनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. मसूर, तांदूळ, पीठ, कांदे, बटाटे, तेल, मिरी, मीठ. बावीस वर्षं जिभेवर सूप फिरवणाऱ्या या माणसाने कांदा मात्र कधी चिरला नव्हता. ते तासभर चिरत बसले. वास गेलेला असूनही डोळ्यांतून पाणी आलं, याचं त्यांना थोडं बरं वाटलं. काहीतरी अजून चालू होतं.

बायको आली तेव्हा डाळ तळाला लागलेली होती आणि वर कच्ची होती. दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात जमवायला कसब लागतं, असं ती म्हणाली. मग तिने शिकवायला घेतलं. सातराव वजनकाटा मागायला लागले तेव्हा तिने त्यांचाच हात पुढे ओढला आणि मूठभर मसूर त्यात ओतली. दोन माणसांना दोन मुठी. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. कांदा झाला की नाही ते चवीवरून नाही, आवाजावरून कळतं. आधी तो चुरचुरतो, मग त्यातलं पाणी संपलं की आवाज खाली बसतो. डाळ शिजली का ते दोन बोटांत दाबून बघायचं. यातल्या कशालाच जीभ लागत नव्हती, आणि सातराव हळूहळू शिकले.

फक्त मीठ ती स्वतः घालायची. "त्यात तुमचा भरवसा नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. ती आली की हातपाय धुवायची, डबा काढायची, शेगडीपुढे पाठमोरी उभी राहून मीठ घालायची आणि झाकण खटकन लावायची.

आणखी एक नियम तिने केला. भिंतीकडे बघायचं नाही. "चाखू नका," ती म्हणाली. "जेवा."

सातरावांना आधी ते जमेना. मग जमायला लागलं. गरम भात घशाखाली उतरताना छातीत ऊब येते, हे त्यांना बावन्नाव्या वर्षी कळलं. मऊ मसूर टाळूवर दाबली की विरघळते, बटाटा पिठूळ असला तर बरा वाटतो, आणि समोर कुणी बसून शिवणाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत असेल तर वाटी कधी संपते ते कळत नाही. चवीचा पत्ता नव्हता. तरी दिवसभर ते संध्याकाळची वाट बघायला लागले. बायकोही रोज वाटी पुसून काढायची. आपली डाळ तिला आवडतेय, असं सातरावांना वाटे आणि जाळीच्या टोपीतही ते खूश असत. ती हल्ली जेवताना पाणी फार पिते, हे त्यांनी पाहिलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता.

चाचणीला तीन दिवस राहिले. मंगळवार होता. नेहमीसारखी डाळ, भात, परतलेला बटाटा. बायको एका बाईने झिप तीन वेळा बदलून घेतल्याचं सांगत होती. सातरावांनी दोन चमचे खाल्ले, तिसरा खाल्ला आणि मध्येच म्हणाले, "मीठ कमी आहे."

मग त्यांचा हात वाटीवरच थांबला. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आलं होतं.

बायको मान खाली घालून जेवत राहिली. घास संपवून म्हणाली, "कमी नाही. घातलेलंच नाही. आज अकरावा दिवस. चव परत आली की तुम्हीच बोलाल म्हटलं."

सातरावांनी स्वतःच्या वाटीकडे पाहिलं, मग तिच्या. पातेलं एकच होतं. अकरा दिवस रोज शेगडीपुढे पाठमोरी उभी राहून ती रिकाम्या चिमटीने हात फिरवत होती, झाकण खटकन लावत होती आणि समोर बसून हे गिळत होती.

"तूसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"मग? दोन पातेली कोण घासणार?"

सातरावांनी आणखी एक चमचा तोंडात घेतला, नीट, सावकाश. भिंतीकडे बघितलं नाही. "फार वाईट लागतेय गं."

"मला सांगताय?" ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "मार्क किती?"

"दोन."

लग्नानंतर वीस वर्षांनी निकाल लागला होता. बायकोने मान डोलावली, उठून कपाटातून मिठाचा डबा आणला आणि आधी स्वतःच्या वाटीत चांगली मोठी चिमूट घातली.