गोजरबाईचा डावा हात

माझी थोरली जाऊ गोजरबाई. तिच्या हातच्या चवीचं कोनी नाव काढलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्या रांधलं तर लोक म्हनायचे, पोट भरलं. तिनं रांधलं तर म्हनायचे, अजून हाय का? सांगा बरं, एका चुलीवर रांधनाऱ्या कुन्या बाईला हे गोड लागंल? तरी बी आज मी तिच्याबद्दल तोंड भरून बोलनार. कारन म्या जे डोळ्यानं पाह्यलं ते देवळातल्या देवीला बी जमलं नसतं.

आमी भोई. गाव कनेरगाव नाक्याच्या खालच्या अंगाला, पैनगंगेला टेकून. अल्याड निजामाचं राज, पल्याड इंग्रजाचं. नाक्यावर करोडगिरीचे शिपाई बसायचे, येनाऱ्या-जानाऱ्याचं गाठोडं सोडून जकात लावायचे. मासळीला मातर ना राज, ना नाका. पूर वसरला की काठच्या डबक्यांत नखाएवढी मासळी राहायची. आमी तिला नुसती बारकी म्हनायचो. मोठा मासा बाजारात जायचा, बारकी घरच्या तव्यावर.

बारकीचे वडे घरोघर व्हायचे, पन गोजरबाईच्या वड्यांचा बोलबाला पार हिंगोलीपस्तोर. गुन सगळा अंगठ्याचा. बारकीच्या पोटात मोहरीच्या दान्याएवढं पित्त असतं. ते आत राह्यलं की सगळा घाना कडू. आमी बाया डोळे फोडून काढायचो, तरी एखादं राहूनच जायचं. गोजरबाई मासळी चिमटीत धरायची, नख टेकवायची, की पित्त बाहेर. गप्पा मारता मारता, खाली पाहत बी नसे. कुठं सोयरीक जमली की पंगतीची बोलनी व्हायच्या आदी लोक इचारायचे, वडे गोजरबाईच करनार ना?

तिला एकुलता एक पोरगा, सोनाजी. त्याला बायको केली पल्याडची, वाशीमकडच्या अंगची. नाव कौतिका. पोरगी गुनाची, पन नशीब खोटं. दोनदा दिवस गेले आन् दोनदा पोट रिकामं झालं. तिसऱ्या बारीला दिवस गेले तवा तिची माय अनुसया मरून वरीस बी झालं न्हवतं. आन् पोरीच्या पोटात अन्नच ठरंना. भाकर पाह्यली की उलटी. पेज पाजली, ती बी बाहेर. गालफडं बसली, डोळे खोल गेले. सुईन आली, पोट चाचपलं, आन् आमा दोघींला आंगनात नेऊन म्हनली, आठ-पंधरा दिवसांत हिच्या पोटात काई टिकलं न्हाई तर हे लेकरू बी जाईल. आन् ह्या बारीला ते एकटं जानार न्हाई.

गोजरबाईनं सुनेला मांडीवर घेतलं. तुला काय खावावाटते ते बोल, म्हनली, वाघिनीचं दूध माग, ते बी आनते. पोरगी आदी लाजली, मग रडाय लागली. तिला मायच्या हातचे बारकीचे वडे खावावाटत व्हते.

मला तर हसूच आलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! बारकीचे वडे, आन् ते बी गोजरबाईच्या घरात मागून राहिली.

त्याच दिवशी गोजरबाईनं तवा टाकला. ज्वारीचं पीठ, हिरवी मिरची, लसून, मीठ, हातावर थापून जवसाच्या तेलात खरपूस. पोरीनं एक घास चावला आन् वडा खाली ठेवला.

"आत्याबाई, लई चांगले हायेत. पन हे न्हवं."

दुसऱ्या दिवशी डाळीच्या पिठात ओवा घालून कढईत सोडले. न्हवं. मग अंबाडीचा पाला चिरून घातला, आंबट करून पाह्यले. न्हवं. उडदाचं पीठ अन् कांदा घालून केले, न्हवं. हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजले तवा गल्लीतले लोक वास घेत दारात आले, पन पोरीनं मान फिरवली. नाक्यावर बांगड्या भरनारी खतीजाबी गोजरबाईची मैतरीन. तिनं सांगितलं, अंडा फोडके डालो, कोथमीर जादा. तसे बी केले. पोरीनं अर्धा खाल्ला, आन् तो बी उलटून पडला. सोनाजी दिवसभर बारीक जाळं घेऊन डबक्यांत उभा. घरात आमी खाऊन खाऊन गुबगुबीत झालो आन् जिच्यासाठी व्हतं ती वाळून काडी.

आता गोजरबाईच्या तोंडचं पानी पळालं. तिनं सुनेला इचारलं, पोरी, ते लागायचे तरी कसे? खारट का तिखट? पोरीला सांगता येईना. लई इचार करून म्हनली, ते खाल्ल्यावर पानी लई गोड लागायचं.

मग काय, गोजरबाईला वाटलं गुन पान्याचा हाय. सुनेच्या माहेरच्या हिरीचं पानी आना! सोनाजी नदी उतरून गेला आन् डोक्यावर घागर घेऊन आला. नाक्यावरच्या शिपायानं त्याला घागर उतरवायला लावली, आत हात घालून पाह्यलं. भर नदीतून मानूस पानी वाहून नेतो म्हनजे ह्यात काईतरी गोम असनारच, असं त्याला वाटलं. त्या पान्यात पीठ कालवून वडे केले. तरी न्हवं.

तवा गोजरबाई उठली, फडक्यात वडे बांधले, आन् मला म्हनली, चाल शकू. आमी नदी उतरून कौतिकाच्या माहेरी गेलो. तिचा बाप संतराम दारात जाळं सांधत बसला व्हता. गोजरबाईनं ना पानी घेतलं, ना ख्यालीखुशाली इचारली. वडे त्याच्यापुढं ठेवले. म्हनली, इवाई, खा, आन् ह्यात काय कमी हाय ते सांगा. माझ्या सुनेचा जीव ह्याच्यात अडकला हाय.

संतरामनं एक वडा खाल्ला. लई सावकाश खाल्ला. मग पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

"इहीनबाई, ह्यात कमी काईच न्हाई," तो म्हनला. "म्हून तर ती खाईना."

मग त्यानं सगळं सांगितलं. अनुसयेला दिसत न्हवतं हे आमाला म्हाईत व्हतं. कौतिका जलमली त्या बाळंतपनातच तिचे डोळे गेले. घरातलं सगळं संतराम करायचा, पुढं पोरगी कराय लागली. पन बारकीचे वडे अनुसया कुनाला करू देत नसे. लेकीच्या तोंडात माझ्या हातचं एक तरी पडू द्या, म्हनायची. चाचपून चाचपून साफ करायची. आता एवढीशी मासळी, आंधळ्या बोटाला पित्त काय लागनार? ते तसंच राहायचं. वडे कडूजहर व्हायचे.

लहान्या कौतिकानं पहिल्या बारीला तोंड वाकडं केलं तवा बापानं तिला डोळ्यानं दटावलं, आन् वरून तांब्याभर पानी पाजलं. बघ, पानी कसं गोड लागतं, म्हनला. तवापासून पोरगी तसंच खात आली. तिच्या जिभेला तीच चव. मायच्या ताटात मातर संतराम स्वतः साफ केलेल्या बारकीचे वडे गुपचूप टाकायचा. अनुसया ते खायची आन् खूश व्हायची, की आपला हात अजून चालतो. मरेपस्तोर तिला कळलं न्हाई. पोरीला बी न्हाई.

उठताना संतरामनं हात जोडले. म्हनला, पोरीला सांगू नका. तिच्यापाशी मायचं तेवढंच राह्यलं हाय.



घरी येऊन गोजरबाईनं बारकीची पाटी पुढं वढली आन् मला दार लावून घ्यायला लावलं. पित्त काढायचं न्हाई, एवढंच काम. सोपं वाटतं ना? तिचा अंगठा ऐकंचना! मासळी चिमटीत आली की नख जायचं आन् पित्त बाहेर. जित्याची खोड म्हनतात ती ही. तिनं पदरानं डोळे बांधले. डोळे बांधून तर अजून चांगली साफ कराय लागली, इतका तो हात शहाना. काईच न काढता तशीच तव्यावर टाक, म्या म्हनलं. तर म्हनली, तसं न्हाई, त्या माउलीनं साफ करायची खटपट केली व्हती. काई निघालं असंल, काई राह्यलं असंल. तसंच व्हाया पायजे.

मग तिनं उजवा हात मांडीखाली दाबला. डोळे बांधलेले, आन् डाव्या हातानं बारकी साफ कराय बसली. आमच्यात अन्नाला डावा हात लावला तर सासू चिमट्यानं हानायची. आन् पंचक्रोशीत जिच्या उजव्या हाताचं नाव, ती बाई डाव्या हातानं चाचपडत बसली. मासळी निसटायची, चिरडायची, पित्त आतल्या आत फुटायचं. वडे बी तिनं तसेच, आंधळीसारखे भाजले, एक बाजू करपली, एक कच्ची. म्या जलमभर तिचा हेवा केला, पन त्या दिवशी मला तिच्या पाया पडावाटलं. मी नुसती बसून पाहत राह्यले.

कौतिकानं एक वडा उचलला. चावला. तिनं दुसरा घेतला, मग तिसरा, आन् तांब्या तोंडाला लावला.

"पानी गोड लागलं, आत्याबाई," ती म्हनली आन् ढसाढसा रडली.

गोजरबाईनं त्याच ताटातला एक वडा घेतला आन् तोंड जरा बी वाकडं न करता खाऊन टाकला. व्हय, जमलं खरं, म्हनली. म्या चोरून तुकडा चाखला. आई गं! कडूनिंब बरा.

त्या दिसापासून पोरीच्या पोटात अन्न ठरलं. आदी ते वडे, मग वड्यासंगं भाकर, मग नुसती भाकर. गोजरबाई रोज दार लावून डाव्या हातानं करायची. उन्हाळ्याच्या तोंडाला लेक झाली, ठनठनीत, सारी आळी जागी करनारी.

बारशाला दोन्ही काठचे भोई आले. पंगतीसाठी गोजरबाईनं उजव्या हातानं पाट्याच्या पाट्या वडे केले. कौतिकाचे तेवढे येगळे, झाकून ठेवलेले. पन पोरीला हौस आली. लेकरू कडेवर घेऊन ती झाकलेलं ताट घेऊन पंगतीत गेली, आन् आमी पाहोस्तोर वाढाय बी लागली. हे माझ्या मायसारखे झालेत, खाऊन पाहा, म्हनत.

पंगतीत कळमनुरीची मंजुळाबाई बसली व्हती. तिच्या जिभेला हाड न्हाई. एक घास घेतला आन् थू करून थुंकली.

"कुन्या आंधळीनं साफ केली ही बारकी? निस्तं जहर हाय!"

कौतिका पांढरीफटक. तिनं मंजुळाबाईकडं पाह्यलं, ताटाकडं पाह्यलं, आन् तिच्या तोंडावर काईतरी उमगाय लागलेलं म्या पाह्यलं. तिकडं खांबापाशी संतराम उभा व्हता, त्यानं डोळे मिटून घेतले.

गोजरबाई चुलीपासून उठली. हात पुढं करून, चाचपडत आली. भरल्या आंगनात, लख्ख उन्हात.

"मीच ती आंधळी," ती म्हनली. "माझी नजर गेली, बाई. कुनाला बोलले न्हवते. कौतिकाच्या मायचे असे न्हवते व्हत, ह्यो घाना माझ्याच हातून बिघडला."

कौतिका हळूच म्हनली की मला तर तसेच लागले. तर गोजरबाई म्हनली, बाळंतिनीच्या तोंडाला चव नसती, पोरी. आन् ताट तिच्या हातातून काढून घेतलं.

झालं. वाऱ्यानं बातमी गेली. गोजराचे डोळे गेले, गोजराचा हात गेला. पुढच्या पंगतीला कोनी तिला बोलावलं न्हाई. वड्याचा मान माझ्याकडं आला. ज्यासाठी जलमभर जळले ते आयतं पदरात पडलं, आन् मला ते घशाखाली उतरंना. निजामाचं राज गेलं, पन तिनं आपली नजर काई परत घेतली न्हाई. पल्याडच्या काठावरच्या जाळ्याची तुटकी गाठ जिला अल्याडून दिसायची, ती लोकांपुढं उंबरा चाचपून वलांडायची.

एकदा मला ऱ्हावलं न्हाई. घरात दोघीच व्हतो, म्या तिला चांगलं झापलं. एवढं कमावलेलं नाव काहून मातीत घातलं, म्हनलं. ती तांदूळ निवडून राहिली व्हती, बारीक खडा न खडा टिपून.

"शकू, नाव एकीचं जानारच व्हतं," ती म्हनली. "अनुसया मरून गेली. तिला आता दुसरं कमावता यायचं न्हाई."

तेवढ्यात आंगनात कौतिकाची चाहूल लागली. गोजरबाईनं सूप बाजूला सारलं आन् भिंत चाचपत उभी राह्यली. कौतिका आत आली, लहानपनी मायचा धरायची तसा तिनं सासूचा हात धरला, आन् तिला नदीवर घेऊन गेली.